बढती : लायकीची, हक्काची आणि मागण्याची

तालुक्याच्या गावात बढतीची बातमी फार लौकर पसरते. काटोलसारख्या गावी तहसील कचेरीतील कारकून, पंचायत समितीतील विस्तार अधिकारी, नगर परिषदेतील लिपिक, बँकेतील रोखपाल आणि शाळेतील शिक्षक एकाच बाजारात भाजी घेतात आणि एकाच एस.टी.ने नागपूरला जातात. यादीत कोणाचे नाव आले, कोणाचे राहिले आणि कोणाचे मागून येऊन पुढे गेले, हे दिवस मावळण्यापूर्वी गावाला ठाऊक होते. बढतीने पगारात पडणारी भर मोठी असतेच असे नाही. पण ज्याचे नाव राहिले त्याच्या घरी त्या रात्री जेवण गोड लागत नाही. माणूस आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे ज्या कामात घालवतो, त्या कामाने आपल्याला ओळखले की नाही, हा त्यामागचा खरा प्रश्न असतो.

या प्रश्नाबाबत आपल्याकडे दोन समजुती दृढ झालेल्या आहेत. पहिली अशी की, बढती ही पाळीने येते. आपण गुमान बसावे, वर्षे भरली की आपला नंबर लागेल. दुसरी अशी की, बढती ही वशिल्याने मिळते. ज्याच्यापाशी पुढाऱ्याची चिठ्ठी आहे त्याने पुढे जावे, इतरांनी नशिबाला बोल लावावा. या दोन समजुती वरवर परस्परविरोधी दिसतात. पण त्यांचा परिणाम एकच होतो. पाळीची वाट पाहणारा लायकी वाढविण्याचे कष्ट घेत नाही आणि वशिल्यावर सारे खापर फोडणारा आपला हक्क कागदावर मागण्याचे कष्ट घेत नाही. वस्तुतः बढती मिळवावी लागते आणि मागावीही लागते. या दोन्ही गोष्टी सन्मानाने करता येतात. मात्र त्या कशा कराव्यात याचे शिक्षण आपल्याला ना शाळेत मिळते, ना कचेरीत.

हक्क नेमका कशाचा?

प्रथम हक्काची मर्यादा स्पष्ट करून घेतली पाहिजे. राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने शासकीय नोकरीत समान संधीची हमी दिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ लावताना असे वारंवार सांगितले आहे की, बढती मिळण्याचा हक्क कोणाही कर्मचाऱ्यास नाही. परंतु तो पात्र असेल तर बढतीसाठी त्याचा विचार होण्याचा हक्क त्याला आहे आणि तो मूलभूत हक्क आहे. हा भेद वकिली वाटला तरी व्यवहारात तो फार मोलाचा आहे. ‘मला बढती द्या’ असे म्हणणारा याचक ठरतो. ‘माझा विचार नियमाप्रमाणे झाला काय, आणि झाला असल्यास मी कोठे कमी पडलो,’ असे विचारणारा नागरिक ठरतो. पहिल्याला नकार देणे सोपे असते. दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते.

विचार होतो तो समितीपुढे आलेल्या कागदांवरून. हे कागद मुख्यतः तीन प्रकारचे असतात : ज्येष्ठतेची यादी, कामाचा वार्षिक अहवाल आणि विभागीय परीक्षेचा किंवा अर्हतेचा दाखला. या तिन्हींविषयी आपला सामान्य कर्मचारी किती जागरूक असतो? सेवापुस्तक वर्षातून एकदा कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यावी, असा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी सही घेतली जाते. पुस्तक मात्र वाचले जात नाही. जन्मतारखेतील चूक, रजेची चुकलेली नोंद, उत्तीर्ण झालेल्या परीक्षेची राहून गेलेली नोंद या गोष्टी मग निवृत्तीच्या तोंडावर उघडकीस येतात आणि तेव्हा दुरुस्तीची वेळ टळलेली असते.

यादी वाचणारा आणि न वाचणारा

ज्येष्ठता म्हणजे नोकरीत अधिक वर्षे काढणे, एवढाच अर्थ आपण घेतो. प्रत्यक्षात ज्येष्ठता कोणत्या तारखेपासून मोजावी यावर या राज्यात मोठे वाद झाले आहेत. महाराष्ट्राच्या अभियंत्यांचाच एक वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला होता. थेट भरतीने आलेले आणि बढतीने आलेले यांच्यातील तो तंटा १९९० साली निकालात निघाला. नियमानुसार नेमणूक झाली असेल तर ज्येष्ठता नेमणुकीच्या तारखेपासून मोजावी, कायम केल्याच्या तारखेपासून नव्हे. मात्र नियम डावलून केलेली तात्पुरती सोय ज्येष्ठतेत धरता येणार नाही, असे त्या निर्णयाचे सूत्र आहे. हंगामी म्हणून लागलेल्या आणि पुढे नियमित झालेल्या प्रत्येक माणसाच्या आयुष्याला हे सूत्र स्पर्श करते.

दरवर्षी १ जानेवारीच्या स्थितीची यादी प्रसिद्ध व्हावी, तिच्यावर हरकती मागवाव्यात आणि मग ती अंतिम व्हावी, असा प्रघात आहे. तात्पुरत्या यादीवर हरकत घेण्यास जी मुदत असते, तीच बढतीच्या लढ्यातील खरी वेळ असते. यादी अंतिम झाल्यावर, तिच्यावरून दोघाचौघांना बढत्या मिळाल्यावर आणि ते नव्या खुर्चीत स्थिरावल्यावर जागा होणाऱ्याला न्यायालयेही सहसा उभे करीत नाहीत. कारण एकाची दाद लावताना तिसऱ्याच निरपराध माणसावर अन्याय होतो.

खासगी शाळांतील शिक्षकांसाठी तर या राज्यात स्वतंत्र कायदा आहे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचे नियमन करणारा १९७७ चा अधिनियम आणि त्याखालील १९८१ ची नियमावली हे दोन्ही ग्रंथ प्रत्येक शिक्षकखोलीत असावयास हवेत. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकासाठी पदवी, शिक्षणशास्त्राची पदवी आणि किमान ५ वर्षांचा अध्यापनाचा अनुभव ही अट आहे. ही अट पूर्ण करणाऱ्या व समाधानकारक सेवा असलेल्या शिक्षकांपैकी सर्वांत ज्येष्ठ असेल त्यालाच संस्थेने मुख्याध्यापक नेमावे, असे नियम सांगतो. ज्येष्ठता कशी मोजावी हे नियमावलीच्या ‘फ’ अनुसूचीत दिले आहे. यादी सर्वांना दाखवून त्यांच्या सह्या घ्याव्यात, हरकती विचारात घ्याव्यात आणि वाद राहिल्यास तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे न्यावा, अशी तरतूद आहे. एवढे करूनही व्यवस्थापनाने एखाद्याला डावलून दुसऱ्याला बढती दिली, तर डावलल्या गेलेल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. मात्र अपिलाची मुदत अवघी ३० दिवसांची आहे.

हे ३० दिवस कसे जातात, हे गावोगावी पाहावयास मिळते. पहिला आठवडा धक्क्यात जातो, दुसरा आठवडा सांत्वन करणाऱ्यांत जातो, तिसऱ्या आठवड्यात संस्थेचे कोणी ज्येष्ठ सभासद ‘पुढच्या वेळी पाहू’ असे सांगून जातात आणि चौथा आठवडा त्या आश्वासनावर विसंबून निघून जातो. पुढची वेळ पुष्कळदा येतच नाही. ज्येष्ठ शिक्षकाने आपला दावा स्वेच्छेने सोडल्याचे लेखी दिले तर नियमाप्रमाणे पुढच्या शिक्षकाचा विचार होतो. म्हणून असा कागद पुढे केला गेल्यास त्यावर सही करण्यापूर्वी एक रात्र घरी बसून विचार करावा. दाक्षिण्यापोटी केलेली सही ही औदार्याची खूण नसते.

‘चांगला’ या शब्दाची गोष्ट

दुसरा कागद म्हणजे वार्षिक अहवाल. एके काळी त्याला गोपनीय अहवाल म्हणत आणि ज्याच्याविषयी तो लिहिला जाई त्यालाच तो दिसत नसे. सीमावर्ती रस्ते बांधणाऱ्या केंद्रीय संघटनेतील देव दत्त नावाच्या कार्यकारी अभियंत्याचा दावा या बाबतीत वाचण्यासारखा आहे. अधीक्षक अभियंता होण्यासाठी लागोपाठ ५ वर्षे ‘अतिउत्तम’ असा शेरा आवश्यक होता. त्यांच्या १९९३-९४ च्या अहवालात ‘चांगला’ असा शेरा होता. ‘चांगला’ हा शेरा वाईट नाही, म्हणून तो त्यांना कळविण्याची गरज कार्यालयास वाटली नाही. आणि त्याच एका शब्दाने त्यांची बढती अडली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली असा निर्णय दिला की, शेरा चांगला असो, वाईट असो वा मध्यम असो, तो प्रत्येक शेरा कर्मचाऱ्यास कळविलाच पाहिजे. म्हणजे त्याला त्याविरुद्ध म्हणणे मांडता येईल. २०१३ साली त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने सुखदेव सिंग यांच्या प्रकरणात हेच मत कायम केले.

या निर्णयाने कर्मचाऱ्याच्या हाती एक मोठे साधन दिले आहे. परंतु ते उचलून हाती घेणारे थोडे. अहवालाबरोबर स्वयंमूल्यमापनाचा एक भाग असतो. तो भाग आपल्याकडे केवळ उपचार म्हणून भरला जातो : ‘नेमून दिलेली सर्व कामे वेळेत केली.’ या एका वाक्यातून वरिष्ठाला काय समजावे? किती प्रकरणे आली, किती निकाली काढली, कोणती जुनी थकबाकी संपविली, कोणती नवी पद्धत बसविली, हे आकड्यांनी लिहिले तर वरिष्ठालाही ‘अतिउत्तम’ असे लिहिण्यास आधार मिळतो. शिक्षकाने निकालाच्या टक्केवारीवर न थांबता, शाळा सोडून जाणारी किती मुले टिकविली, प्रयोगशाळा किती दिवस उघडी ठेवली, हे लिहावे. ज्याला स्वतःच्या कामाचा हिशेब देता येत नाही, त्याने इतरांनी तो ठेवावा अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

चौकशीच्या बाबतीतही असाच गैरसमज आहे. ‘चौकशी चालू आहे’ या तीन शब्दांच्या धाकाने कित्येकांची नावे बाजूला पडतात. न्यायालयाने १९९१ साली जानकीरामन यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, समितीचा निष्कर्ष मोहोरबंद लखोट्यात ठेवावयाचा तो आरोपपत्र बजावल्यानंतर. केवळ प्राथमिक चौकशी सुरू आहे म्हणून नव्हे. निनावी तक्रारीला घाबरून आपला दावा सोडून देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

परीक्षा आणि पुढच्या खुर्चीचे काम

तिसरा कागद परीक्षेचा. महसुलातील लिपिकाला दुय्यम सेवा परीक्षा आणि महसूल अर्हता परीक्षा द्याव्या लागतात. त्या वेळेत उत्तीर्ण झाल्या तर अव्वल कारकून आणि पुढे नायब तहसीलदार या पायऱ्या खुल्या होतात. न झाल्यास मागून आलेला पुढे जातो आणि तो गेला तर त्यात कोणाचा अन्याय नसतो. ‘या वयात कसली परीक्षा’ हे वाक्य आपल्या कचेऱ्यांतून फार ऐकू येते. ते बोलण्याचे वय चाळिशीपासून सुरू होते, हे विशेष!

शिक्षकांच्या बाबतीत तर ही बाब आता अधिकच निकडीची झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निर्णयात पहिली ते आठवीच्या सेवेतील शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा बंधनकारक ठरविली. अल्पसंख्य संस्थांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाच्या विचारार्थ ठेवला. इतरांना २ वर्षांची मुदत दिली. ज्यांची सेवा ५ वर्षांहून कमी उरली आहे त्यांना नोकरीत राहण्यासाठी ती परीक्षा लागणार नाही. पण बढती हवी असेल तर तीतून सुटका नाही, असे न्यायालयाने म्हटले. वीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या शिक्षकाला हे अपमानास्पद वाटणे स्वाभाविक आहे. त्याविरुद्ध संघटनांनी सनदशीर मार्गाने म्हणणे मांडावे. पण व्यक्तिशः शिक्षकाने निषेध आणि अभ्यास या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्यात, हेच शहाणपणाचे.

परंतु परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे लायकी नव्हे. तो लायकीचा केवळ उंबरठा आहे. लायकीची खरी कसोटी अशी की, आज ज्या खुर्चीत आपण बसलो आहोत तिच्या पुढच्या खुर्चीचे काम आपल्याला येते काय? ज्या कारकुनाने फेरफाराची नोंद कशी होते, हरकत आल्यास सुनावणी कशी चालते, आदेश कसा लिहितात हे मन लावून पाहिले आहे, त्याच्याकडे साहेब रजेवर गेल्यावर फाईल आपोआप येते. ज्या शिक्षकाने वेळापत्रक बसविणे, अनुदानाचे कागद, सेवापुस्तकांच्या नोंदी यांत मुख्याध्यापकाला हातभार लावला आहे, त्याच्याविषयी पुढे प्रश्नच उद्भवत नाही. येथे एक धोकाही सांगितला पाहिजे. असे अधिकचे काम तोंडी आदेशावर वर्षानुवर्षे करीत राहू नये. ते लेखी आदेशाने मिळावे एवढा आग्रह विनयाने धरावा. नाहीतर काम आपले, कागद दुसऱ्याचा, अशी स्थिती होते.

डावलले गेलेले भांडारकर

न्याय झाला नाही तर काय करावे, याचे एक उदाहरण आपल्याच विद्येच्या इतिहासात आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे रत्नागिरीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतच्या प्राध्यापकाचे काम त्यांनी हंगामी म्हणून काही वर्षे केले. ते काम त्यांना येत होते, हे सिद्ध झालेले होते. त्यांच्या संस्कृतच्या पाठ्यपुस्तकांवर पिढ्या शिकू लागल्या होत्या. तरीही जागा कायमची भरण्याची वेळ आली तेव्हा १८७३ साली ती विलायतेहून आलेल्या पीटर पीटरसन यांना मिळाली आणि भांडारकरांना त्यांच्या हाताखाली दुय्यम जागेवर राहावे लागले.

या माणसाने पुढे काय केले? १८७४ च्या लंडन येथील प्राच्यविद्या परिषदेसाठी त्यांनी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरील निबंध पाठविला. १८७७ साली विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली. हस्तलिखितांचा शोध चालू ठेवला. आणि त्या कामात पीटरसन यांच्याशी त्यांनी वैर धरले नाही. १८८२ साली पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले. १८८४ साली दख्खनचा प्राचीन इतिहास प्रसिद्ध झाला, १८८५ साली जर्मनीतील ग्यॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली आणि १८९३ साली निवृत्त झाल्यावर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अन्याय झाला म्हणून त्यांनी काम सोडले नाही, आणि कामामुळे अन्याय पुसला गेला असेही म्हणता येणार नाही. तो अन्यायच होता आणि मधली ९ वर्षे त्यांना कोणी परत दिली नाहीत. पण त्या वर्षांत जे काम उभे राहिले ते त्यांच्या पुढच्या प्रत्येक दाव्याचा पुरावा झाले. डावलल्या गेलेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात : खुर्चीचा हिशेब करीत बसणे, किंवा दाद मागतामागताच कामाचा हिशेब वाढविणे. दुसरा मार्ग अधिक अवघड आहे हे खरे.

मागावे कसे?

रडल्याशिवाय आईदेखील पाजत नाही, अशी म्हण आपल्याकडे आहे. पण कचेरी ही आई नव्हे आणि रडणे हा तेथे अर्ज नव्हे. मागण्याची एक रीत आहे. ती अशी.

अर्ज एकाच पानाचा असावा आणि योग्य त्या मार्गाने, म्हणजे आपल्या वरिष्ठामार्फत जावा. त्यात नेमणुकीची तारीख, यादीतील क्रमांक, उत्तीर्ण परीक्षा व त्यांचे वर्ष, मागील वर्षांचे शेरे आणि रिक्त जागा या गोष्टी याच क्रमाने याव्यात. त्यानंतर एकच विनंती असावी : समितीच्या येत्या बैठकीत माझा विचार व्हावा आणि निर्णय लेखी कळवावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. उत्तर न आल्यास महिन्याभराने स्मरणपत्र द्यावे. बैठक झाल्यास तिचे इतिवृत्त माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने मागता येते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना प्रशासकीय न्यायाधिकरणाचे दार आहे आणि त्याचे एक खंडपीठ नागपुरातच आहे. मात्र ते शेवटचे दार आहे, पहिले नव्हे.

अर्जात काय नसावे, हेही तितकेच महत्त्वाचे. घरची गरज, मुलीचे लग्न, आईचे आजारपण ही कारणे खरी असली तरी बढतीची कारणे नव्हेत. ती मांडल्याने अर्जदार केवळ केविलवाणा दिसतो. ‘अमक्याला दिली, मग मला का नाही’ हे वाक्य तर मुळीच नसावे. अमक्याचा क्रमांक आपल्या खाली असेल तर तो क्रमांक लिहावा, अमक्याचे अवगुण लिहू नयेत. विशेषतः सहकाऱ्याच्या बढतीचे कारण त्याच्या जातीत शोधण्याची जी सवय आपल्या कचेऱ्यांना जडली आहे ती सर्वथा त्याज्य आहे. अनुसूचित जाती व जमातींना बढतीत आरक्षण देण्याची मुभा १९९५ च्या घटनादुरुस्तीने दिली. महाराष्ट्राच्या यासंबंधीच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयाने २०१७ साली निर्णय दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. या धोरणाविषयी मतभेद असू शकतात आणि ते मांडण्याची जागा न्यायालय व विधिमंडळ ही आहे. शेजारच्या टेबलावर बसून काम करणारा सहकारी ही नव्हे.

खासगी नोकरीत यादीही नसते आणि नियमावलीही नसते. कळमेश्वर, हिंगणा, बुटीबोरी येथील कारखान्यांत वा नागपुरातील कंपन्यांत जाणाऱ्या काटोलच्या तरुणांना हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवावा लागतो. तेथे मागणी तोंडी आणि समोरासमोर करावी लागते. वेळ निवडावी ती वार्षिक आढाव्याच्या आधीची, नंतरची नव्हे. कारण आढाव्यानंतर पैशाचे वाटप झालेले असते. बोलताना आपण किती वर्षे झालो यापेक्षा आपल्यामुळे काय बदलले हे सांगावे : किती माल वाया जाणे थांबले, किती नवी माणसे तयार केली, कोणते काम आता आपल्याविना अडत नाही. शेवटचे वाक्य उलटे वाटेल. पण जो माणूस आपल्याविना काम अडेल अशी व्यवस्था करून ठेवतो त्याला तेथून हलविण्यास मालक धजत नाही. नकार मिळाल्यास एकच प्रश्न विचारावा : पुढच्या आढाव्यापर्यंत माझ्याकडून काय व्हावयास हवे? या प्रश्नाचे जे उत्तर येईल ते त्याच दिवशी लिहून ठेवावे.

नको असलेली बढती

बढती सर्वांनी मागितलीच पाहिजे, असे मात्र नाही. लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी १९६९ साली एक पुस्तक लिहून असे मांडले की, प्रत्येक माणूस आपल्याला न झेपणाऱ्या पदापर्यंत चढत जातो आणि तेथेच थांबतो. यात विनोद आहे तसे सत्यही आहे. उत्तम शिक्षक हा उत्तम मुख्याध्यापक होईलच असे नाही. आणि तो तसा झाला नाही तर शाळा एक चांगला शिक्षक गमावते व एक कच्चा मुख्याध्यापक मिळविते. ज्याला वर्गातच आनंद आहे त्याला वर्गातच वाढण्याची वाट असावी, या विचारानेच चट्टोपाध्याय आयोगाच्या शिफारशींनंतर १९८९ साली या राज्यात शिक्षकांना १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांनी निवड श्रेणी देण्याचे ठरले. इतर कर्मचाऱ्यांसाठी १९९४ पासून कालबद्ध पदोन्नती आली. तिचे पुढे आश्वासित प्रगती योजनेत रूपांतर झाले आणि १ जानेवारी २०१६ पासून १०, २० व ३० वर्षांनी वरच्या वेतनाचा लाभ अशी तिची घडी बसली. जागा नाही म्हणून माणूस कुजू नये, हा त्यामागील हेतू.

परंतु याच्या आड एक दुखणे लपलेले आहे. बढती म्हणजे बदली. बँकेतील कारकुनाला अधिकारी व्हावयाचे तर गाव सोडावे लागते. मुले काटोलच्या शाळेत, म्हातारे आईवडील घरी, चार झाडे संत्र्यांची गावी. मग ‘नको ती बढती’ असे लेखी दिले जाते. स्त्री कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तर हा निर्णय पुष्कळदा त्यांच्यावतीने घरातील इतरच घेतात. नवऱ्याच्या बढतीसाठी घर हलते. बायकोच्या बढतीसाठी घर हलत नाही. नियमित बढती नाकारणाऱ्याला आश्वासित प्रगतीच्या लाभासही मुकावे लागते, हे त्या लेखी कागदावर सही करण्याआधी किती जणींना कोणी समजावून सांगते? नकार देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. मात्र तो अधिकार ज्याचा त्याने, ज्याची तिने वापरावा.

हा केवळ नोकराचा प्रश्न नाही

आता वशिल्याविषयी. तो चालत नाही असे म्हणणे हे डोळ्यांवर कातडे ओढणे होय. पण त्याची किंमत मोजली पाहिजे. आपल्या सेवेच्या बाबतीत वरिष्ठांवर राजकीय वा बाहेरचे वजन आणू नये, असे १९७९ चे वर्तणूक नियमच सांगतात. म्हणजे चिठ्ठी आणणारा आपल्याच विरुद्ध पुरावा तयार करीत असतो. त्याहून मोठी किंमत पुढे द्यावी लागते. ज्याच्या चिठ्ठीने खुर्ची मिळाली त्याची पुढची चिठ्ठी त्या खुर्चीत बसून नाकारता येत नाही.

आणि येथेच बढतीचा प्रश्न कचेरीच्या भिंतीबाहेर येतो. काटोल-नरखेडच्या पट्ट्यात गारपीट झाली की आंबिया बहाराची संत्री जमिनीवर पडतात. त्या नुकसानीचा पंचनामा कोणी करावयाचा, तो खरा करावयाचा की सांगितलेला, हे मंडळ अधिकारी व नायब तहसीलदार यांच्या पदांवर कोण बसले आहे यावर ठरते. शाळेची परसबाग टिकते की नाही, दहावीच्या मुलीचे नाव पटावर राहते की नाही, हे मुख्याध्यापक कोण आहे यावर ठरते. इंग्लंडमध्ये नॉर्थकोट आणि ट्रेव्हेलियन यांनी १८५४ साली सरकारी नोकरीविषयी अहवाल दिला. नेमणूक परीक्षेने व्हावी आणि बढती केवळ वर्षे भरली म्हणून न देता गुणांवर द्यावी, असे त्यांनी सांगितले ते नोकरांवर उपकार म्हणून नव्हे. चांगला कारभार मिळणे हा जनतेचा हक्क आहे म्हणून.

म्हणूनच या प्रश्नात वरिष्ठांचे आणि शासनाचे कर्तव्य अधिक मोठे आहे. समितीची बैठक वर्षानुवर्षे न घेणे, रिक्त जागेवर ‘प्रभारी’ बसवून कारभार हाकणे, अहवाल वेळेवर न लिहिणे या साऱ्या गोष्टी म्हणजे एका अर्थाने विचार होण्याचा हक्क नाकारणेच होय. प्रभारी मुख्याध्यापकाला जबाबदारी पूर्ण आणि अधिकार अर्धा असतो. त्याच्याकडून पूर्ण कामाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? जो अधिकारी आपल्या हाताखालच्यांच्या बढतीचे कागद वेळेत पुढे पाठवितो, त्याची नोंद त्याच्या स्वतःच्या अहवालात व्हावी, एवढी साधी सुधारणा केली तरी बराच फरक पडेल.

तोपर्यंत प्रत्येकाने आपल्यापुरते जे करता येईल ते करावे. येत्या जानेवारीत यादी लागेल. ती फलकाजवळ उभे राहून, शेवटच्या नावापर्यंत वाचावी. आपला क्रमांक, आपली तारीख, आपली परीक्षा नीट उतरली आहे की नाही ते पाहावे. चूक असेल तर त्याच आठवड्यात दोन ओळी लिहून पोच घ्यावी. आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी भिडस्त असेल, तर त्याच्या नावावरही एक नजर टाकून त्याला सांगावे.